खेळ अवांतर कसा?

दरवर्षी जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, वर्गावर्गांतून नवी वेळापत्रके लागतात, आणि त्या वेळापत्रकात आठवड्यातून एक वा दोन चौकोनांत ‘शा. शि.’ अशी दोन त्रोटक अक्षरे लिहिलेली आढळतात. आपल्या माध्यमिक शाळांत शारीरिक शिक्षणाला काय स्थान आहे, हे त्या दोन अक्षरांवरूनच जाणत्याने ओळखावे. जुलै संपता संपता गणिताचा अभ्यासक्रम मागे पडल्याची जाणीव गणिताच्या शिक्षकांना होते व ते हा तास मागून घेतात. ऑगस्टमध्ये विज्ञानाचे शिक्षक तेच करतात. दिवाळीनंतर दहावीच्या वर्गाला असा काही तास आपल्या वेळापत्रकात होता याचीही आठवण राहत नाही. यात कोणी कोणावर अन्याय केला असे शिक्षकांस वाटत नाही, मुख्याध्यापकांस वाटत नाही आणि पालकांस तर मुळीच वाटत नाही. वाटत असेल ते मुलांना. परंतु मुलांचे मत विचारण्याची रीत आपल्याकडे नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि तो शब्द ‘अवांतर’ हा होय. अवांतर वाचन, अवांतर उपक्रम, अवांतर खेळ. मुख्य काम आटोपल्यावर सवड उरली तर करावयाचे ते अवांतर, असा त्याचा अर्थ आपण रूढ केला आहे. आणि शाळकरी मुलाचे मुख्य काम कधीच आटोपत नसल्यामुळे अवांतराची पाळी कधीच येत नाही. केंद्र सरकारने २०२० साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रमातील विषय आणि अभ्यासेतर विषय यांच्यामधील ही भिंत काढून टाकावी असे स्पष्ट म्हटले आहे. धोरण चांगले आहे. परंतु या देशात चांगल्या धोरणांचा तुटवडा कधीच नव्हता. १९५२-५३ साली मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा चाळीस वर्षांखालील प्रत्येक शिक्षकाने, मग तो कोणताही विषय शिकवीत असो, विद्यार्थ्यांच्या खेळांत व व्यायामात प्रत्यक्ष भाग घ्यावा अशी शिफारस केली होती. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना समान पात्रतेच्या अन्य शिक्षकांइतकाच दर्जा द्यावा, असेही आयोगाने सांगितले होते. या गोष्टीला सत्तर वर्षे उलटून गेली. आज इतिहासाच्या शिक्षकांनी धोतर किंवा पाटलोण खोचून मुलांबरोबर खो-खोच्या पाटीवर बसावे असे कोणी सुचविले, तर त्याची गणना विनोदी लेखकांत होईल.

पनवेलच्या बाबतीत हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, आणि त्याचे कारण या शहराच्या वाढीत आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. गाढी नदी, पाच-सहा तळी, भोवताली भाताची खाचरे आणि त्यापलीकडे कर्नाळा व प्रबळगड, असे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या होते. या गावात शाळेला स्वतःचे मैदान आहे की नाही हा प्रश्नच कोणाला पडत नसे. भातकापणी झाली की खाचरे मोकळी होत, आणि मोकळे झालेले प्रत्येक खाचर पुढले सहा महिने मैदानच असे. आगरी-कोळी गावांतून हुतूतूचे डाव रंगत ते याच जमिनीवर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली; नवी मुंबई वसविण्यासाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गावांची जमीन घेण्यात आली; नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही नगरे उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि २०२५ मध्ये विमानतळही सुरू झाला. जमिनीच्या किमतीचा आकडा ऐकून जुन्या पनवेलकराला घेरी यावी अशी स्थिती आहे. या सर्व उलथापालथीत शेतकऱ्याच्या जमिनीचा मोबदला किती, यावर लढे झाले, रक्त सांडले, आणि ते योग्यच होते. मुलांच्या पायाखालची जमीनही त्याच व्यवहारात गेली, तिचा मोबदला मात्र कोणी मागितला नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ चा बालशिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असले पाहिजे याची यादी आहे, आणि तीत मैदान आहे, खेळाचे साहित्य आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक आहे, परंतु तो अंशकालीन. मैदान हवे एवढेच तेथे म्हटले आहे. ते केवढे हवे हे म्हटलेले नाही. पुढे आणखी मौज अशी की, हा कायदा आठवीपाशी संपतो. मुलाचे वय चौदा-पंधरा होते, हाडे वाढतात, खांदे रुंदावतात, शरीराला श्रमाची खरी भूक लागते, नेमक्या त्या नववी-दहावीच्या उंबरठ्यावर कायदा त्याचा हात सोडतो. दहावीला ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय आहे, नाही असे नाही. पण तो श्रेणीचा विषय आहे. श्रेणी शाळेनेच द्यावयाची असते, आणि आपली शाळा आपल्याच मुलांना श्रेणी देताना हात आखडता घेत नाही. जो मुलगा वर्षभर एकदाही धावलेला नाही तोही या विषयात सुखरूप पार पडतो.

न्यायालयांनी मात्र या बाबतीत सरकारपेक्षा अधिक स्वच्छ दृष्टी दाखविली आहे. हरियाणातील एका गावच्या शाळेच्या मैदानावर झालेल्या अतिक्रमणाचे प्रकरण मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही अशी भूमिका घेऊन न्यायालयाने ते अतिक्रमण हटविण्यास फर्माविले. त्याहून जवळचे उदाहरण आमच्या शेजारचे आहे. घणसोली येथे शासकीय क्रीडासंकुलासाठी २००३ साली वीस एकर जागा ठरली. पुढे त्या जागेवर इमारती बांधण्याचा विचार बळावला, आणि २०२१ साली शासनाने ते संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील नाणोरे येथे नेण्याचे ठरविले. घणसोलीहून नाणोरे शंभर किलोमीटरांहून दूर आहे. घणसोलीच्या मुलाने संध्याकाळी शाळा सुटल्यावर पनवेल गाठावे, पळस्पे फाट्यावर गोव्याच्या महामार्गाला लागावे (त्या महामार्गाविषयी आम्ही येथे काही लिहीत नाही, वाचकांचे अनुभव ताजे असतील), पेण, वडखळ ओलांडून माणगावास पोहोचावे, तेथे अर्धा तास धावून घ्यावे आणि गृहपाठासाठी परत यावे, अशी या योजनेमागील कल्पना असावी. वास्तुविशारदांच्या संस्थेने हे प्रकरण न्यायालयात नेले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. मैदान वाचले. परंतु ते वाचविण्यासाठी नागरिकांना स्वतःच्या सरकारविरुद्ध देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागले, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक शाळेच्या अंगणासाठी दिल्लीला जाणारा वकील कोठून आणावयाचा?

सिडकोच्या वसाहतींत मात्र एक गोष्ट आरंभीच बरी योजली गेली होती. शाळांना इमारतीच्या भूखंडालगत मैदानाचे भूखंड देण्यात आले, आणि शाळेची वेळ संपल्यावर ती मैदाने परिसरातील मुलांना खुली असावीत असे धोरण ठेवण्यात आले. एकाच मैदानावर दिवसा शाळा आणि संध्याकाळी वस्ती, ही कल्पना काटकसरीची व शहाणपणाची आहे. तिचा व्यवहार काय होतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने सायंकाळी सहा वाजता खारघर वा कामोठ्यातील शाळांवरून एक फेरी मारावी. किती फाटकांना कुलूप आहे आणि किती मैदानांवर सुट्टीच्या दिवशी लग्नाचे मांडव पडतात, हे त्यानेच मोजावे. मुलांना रोखणारा पहारेकरी मांडववाल्याला सलाम करतो असे जेथे दिसेल, तेथे सार्वजनिक जागेचा उपयोग कोणासाठी चालला आहे हे निराळे सांगण्याची गरज नाही. खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने गोल्फचे विस्तीर्ण मैदान केले आहे. गोल्फ या खेळाशी आमचे वैर नाही. परंतु कबड्डीला तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढीच जागा लागते, आणि खो-खोला सत्तावीस मीटर बाय सोळा मीटर. पारंपरिक नियमांनी खो-खोच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंची मिळून चोवीस मुले गुंततात. बॅट नको, जाळी नको, महागडे बूट नकोत. ज्या नियोजकांना गोल्फसाठी डोंगराची कूस सापडली, त्यांना प्रत्येक शाळेसाठी सत्तावीस मीटर सापडू नयेत हे पटण्यासारखे नाही.

आता मैदानाइतकाच, किंबहुना त्याहून कठीण असा प्रश्न माणसाचा आहे. व्यायामशिक्षक हा आपल्या शाळांतील सर्वांत गुणी आणि सर्वांत उपेक्षित मनुष्य होय. प्रभातफेरी त्याने काढावयाची, सहलीत मुले मोजण्याचे काम त्याचे, स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडून घेण्याचे त्याचे, आणि कोणी मुलगा उद्धट वागला तर त्याला वठणीवर आणण्याचे कामही त्याचेच. वर्गशिक्षक रजेवर असले की बदली तासाला प्रथम त्यालाच पाठवितात. १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था काढली, तेव्हा या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळेल अशी आशा होती. कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांच्यासारखा शास्त्रीय दृष्टीचा पुरुष या कार्यात होता. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालविले होते आणि १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखविले होते. पुढे १९५४ साली आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी, म्हणजे आमच्याच कोकणच्या सुपुत्राने, राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. दिल्लीतील निर्वासितांच्या मुलांपासून तिचा आरंभ झाला. ती योजना नंतर राष्ट्रीय स्वास्थ्य दलात विलीन झाली आणि कालांतराने ते दलही फायलींत विरून गेले. प्रत्येक वेळी माणसे शिकवून तयार करावयाची आणि मग त्यांना काम नेमून देण्याचे विसरून जावयाचे, असा हा क्रम आहे. आता तर पूर्णवेळ शिक्षकाऐवजी अंशकालीन निदेशकावर भागवावे असा कल दिसतो. जो माणूस दोन तासांपुरता येतो आणि पोटासाठी तिसऱ्या शाळेकडे धावतो, त्याला कोणता मुलगा दम्याने हैराण आहे आणि कोणती मुलगी उपाशी येते हे कळावे कसे? व्यायामशिक्षकाला मुलाचे नाव माहीत असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

शाळेत खेळ नाहीत असे आमचे म्हणणे मात्र कोणी समजू नये. खेळ आहेत, पण ते स्पर्धांपुरते आहेत. क्रीडा खात्यातर्फे चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा होतात, शाळा आपापले संघ पाठवितात, करंडक आणतात आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ते चकचकतात. बारा मुले खेळतात व बाराशे टाळ्या वाजवितात. पायाने अधू असलेला, जाड, हडकुळा, भित्रा, चष्मा लावणारा, ज्याला व्यायामाची सर्वांत अधिक आवश्यकता, तो मुलगा या व्यवस्थेत प्रेक्षक म्हणून नेमला जातो आणि आयुष्यभर प्रेक्षकच राहतो. त्यातही प्राथमिक फेऱ्या बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. कोकणात त्या महिन्यांत मैदानावर माती असते की पाणी, हे वेळापत्रक आखणारास ठाऊक नसावे. शिवाय खेळाडूंना दहावी-बारावीत पंचवीसपर्यंत वाढीव गुण देण्याची सोय आहे. हेतू चांगला असेल. परिणाम असा की, जो पालक आठ वर्षे मुलाला मैदानाकडे फिरकू देत नाही, तोच दहावीत प्रमाणपत्राच्या शोधात निघतो. खेळाचा आनंद गुणांच्या भाषेत सांगावा लागणे ही शिक्षणाची शोकांतिकाच समजली पाहिजे. आणि वार्षिक क्रीडामहोत्सव! मुले उन्हात रांगेने उभी, पाहुणे मांडवात, आणि आरोग्याच्या महत्त्वावर तीन भाषणे. कोणी मुलगी भोवळ येऊन पडली, की चौथ्या वक्त्यास आटोपते घेण्याची सूचना होते.

पदके हवीत, यात दुमत नाही. परंतु पदक कोठे उगवते याचाही विचार करावा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव टिळक हायस्कुलात शिकले, तालमीत घडले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून रक्कम उभी केली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते असे. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत ते मिळविले. मधली बहात्तर वर्षे या राज्यात शाळा वाढल्या, महाविद्यालये वाढली, क्रीडासंकुले झाली. घर गहाण टाकणारे प्राचार्य वाढले असे कोणी म्हणणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. दोन्ही संघांची धुरा महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होती. ज्या खेळाला आपण गरिबांचा खेळ म्हणून शाळेच्या कोपऱ्यात ढकलले, त्याच खेळाने हा मान आणला.

मुलींच्या बाबतीत तर बोलावे तेवढे थोडे. सातवीपर्यंत मुलगी मुलांच्या बरोबरीने धावते. आठवीत तिला कोणीतरी ‘आता मोठी झालीस’ असे सांगतो आणि ती मैदानाच्या कडेला बसू लागते. कपडे बदलावयास खोली नाही, स्वच्छतागृहात पाणी नाही, शिकवावयास बाई नाहीत. मग तिला खेळाची आवड नाही असा निष्कर्ष काढण्यास आपण मोकळे. अकरा ते सतरा वयाच्या मुलामुलींपैकी जगभर ऐंशी टक्क्यांहून अधिक पुरेशी हालचाल करीत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१६ पर्यंतच्या माहितीवरून दाखविले आहे आणि मुलींची स्थिती मुलांहून वाईट आहे. रोज सरासरी साठ मिनिटे घाम येईल असा व्यायाम, एवढेच ही संघटना मागते. आठवड्यात दोन चौकोन, तेही गणिताला उसने दिलेले, यांतून ती साठ मिनिटे कशी निघणार?

आमचे वाचक सुशिक्षित आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. शाळेत तास बुडाला तर आपण तक्रार करतो. पण तो शा. शि.चा तास असेल तर समाधान मानतो. आठवीपासून मुलाला सकाळी शाळा, दुपारी शिकवणी आणि रात्री शिकवणीचा गृहपाठ. ज्यांना परवडते ते तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीवर मुलाला नेऊन सोडतात व कर्तव्य पार पडले असे मानतात. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले दोन इमारतींमधल्या वाहनतळात चेंडू मारून सोसायटीच्या चिटणिसांची बोलणी खातात. खेळणे ही विकत घेण्याची वस्तू झाली, आणि हे आमच्याच पिढीच्या डोळ्यांदेखत झाले. पनवेलला आयुर्वेदाची परंपरा आहे. धूतपापेश्वरची औषधे १८७२ पासून येथून देशभर जातात. कोणतेही आसव वा अवलेह धावण्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्या परंपरेतील कोणत्याही वैद्याने सांगितले असते.

विद्या आणि व्यायाम यांचे वाकडे आहे, असे मानणाऱ्यांनी पनवेलजवळच्या शिरढोणला जावे. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली त्या गावी जन्मले. त्यांचा सशस्त्र उठाव सर्वांना माहीत आहे, एडनच्या तुरुंगातील १८८३ सालचा मृत्यूही माहीत आहे. परंतु हे गृहस्थ पुण्याला लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, हे आपण विसरतो. दिवसा कचेरीत आकडेमोड करणारा हा मनुष्य लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत अंग घामेजून घेत होता. आणि वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह १८६० साली ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ ही शिक्षणसंस्था काढणाऱ्यांतही त्याचे नाव होते. तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. शाळा काढणारा आणि तालमीत घुमणारा मनुष्य एकच होता. त्यांच्या नावाने आपण नाट्यगृह उभारले ते उत्तमच केले. त्यांच्याच तालुक्यात आखाडा नसलेल्या शाळा किती आहेत, हेही एकदा मोजण्यास हरकत नसावी.

तेव्हा करावयाचे काय? सरकार नवे धोरण करील तेव्हा करो. काही गोष्टी पनवेलमध्येच होण्यासारख्या आहेत. महानगरपालिकेने आपल्या हद्दीतील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या मैदानाची यादी करावी: जागा किती, मालकी कोणाची, शाळेनंतर खुले असते की नाही, मांडवासाठी वर्षातून किती दिवस दिले जाते. ज्या शाळांना मैदान नाही त्यांना जवळचे पालिकेचे मैदान ठराविक तासांसाठी विनाशुल्क नेमून द्यावे. येथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शाळेचे पहिले सत्र त्यातच वाहून जाते. म्हणून प्रत्येक शाळेत भिंती नसल्या तरी चालतील, पण छप्पर असलेली एक पडवी हवी. मल्लखांबाला एक खांब, खाली माती व वर पत्रा पुरतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या वाढविली, तेव्हा त्यांच्यापाशी याहून फार अधिक सामग्री नव्हती. सूर्यनमस्काराला तर सतरंजीएवढी जागा लागते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या छोट्या संस्थानातील शाळांतून तो चालू केला होता. जपानात १९२८ पासून आकाशवाणीवरून कवायत चालते आणि म्हातारेकोतारेही ती करतात.

मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे. शा. शि.चा तास दुसऱ्या विषयास द्यावयाचा असेल, तर तशी लेखी नोंद वर्गाच्या हजेरीपटात करावी आणि सत्राच्या अखेरीस ती पालकसभेपुढे ठेवावी. पालक त्यावर काय म्हणतात ते तरी कळेल. महापालिकेने मैदानांची ती यादी तयार केल्यास ती याच जागी, शाळांच्या नावांसह, छापण्यास आम्ही तयार आहोत. आणि पुढील जूनपर्यंत ती झाली नाही, तर आमच्या वाचकांनी आपापल्या मुलांच्या शाळेची माहिती आमच्याकडे पाठवावी.